कारखान्यात फायर वॉर्डन कसे तयार करायचे: नाशिकच्या नव्या सेफ्टीवाल्यांसाठी

नोकरीला लागून पंधरा दिवस होत नाहीत तोच एचआरचा मेल येतो, 'प्रत्येक विभागातून दोन फायर वॉर्डनची नावं कळवा.' सुपरवायझर घाईत असतो. समोर दिसतील त्या दोघांची नावं तो लिहून देतो. त्यातला एक पुढच्याच महिन्यात पगारवाढीसाठी सिन्नरला दुसरी कंपनी धरतो आणि दुसऱ्याला आपण वॉर्डन आहोत हे कॅंटीनबाहेरचा बोर्ड वाचून कळतं. ऑडिटला मात्र बोर्ड छान दिसतो.

अंबडमध्ये सेफ्टीचं काम करताना असे बोर्ड मी पुष्कळ पाहिले आणि सुरुवातीला एक स्वतःही लावला. अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर यांपैकी कुठेही हे काम नव्यानं तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगतो. ऑफिस, हॉस्पिटल, मॉलवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण माझी उदाहरणं कारखान्यातलीच येणार.

आधी वॉर्डनचं काम नीट सांगा

बहुतेकांच्या डोक्यात वॉर्डन म्हणजे लाल सिलिंडर खांद्यावर मारून आगीत धावणारा गडी. निवड करताना मग धडधाकट पोरं शोधली जातात. प्रत्यक्षात वॉर्डनची कामं तीन: हूटर (धोक्याचा भोंगा) वाजला की आपल्या भागातली माणसं बाहेर काढायची, कोणी राहिलं नाही ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि बाहेर येऊन ते मुख्य वॉर्डनला सांगायचं. विझवण्याचा नंबर चौथा, तोही आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तरच. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलंत, तर 'मला जमणार नाही' म्हणणारे निम्मे लोक तयार होतात. विशेषतः बाया. आमच्याकडची सगळ्यात पक्की वॉर्डन पॅकिंग विभागातली एक ताई आहे. तिनं आवाज दिला की लाइनवरचा माणूस हातातलं काम ठेवतोच.

निवड: जो जागेवर असतो तो

मॅनेजरला वॉर्डन करू नका. तो मीटिंगमध्ये असतो, नाहीतर पुण्याच्या वाटेवर. इलेक्ट्रिशियनला करू नका, कारण हूटर वाजला की त्याला पॅनलकडे पळायचं असतं. सिक्युरिटी गार्डला गेट सांभाळायचं असतं, बंब आत घ्यायचा असतो, त्यामुळे तोही बाद. उरतो तो माणूस, जो पूर्ण शिफ्ट आपल्या जागेवर असतो आणि ज्याला त्या भागातली सगळी तोंडं ओळखीची असतात: लाइन लीडर, स्टोअरकीपर, क्वालिटीतली मुलगी, कॅंटीनच्या मावशी. कंत्राटी कामगारांतूनही घ्या. व्यवस्थापन थोडं कां-कूं करतं, पण शॉप फ्लोअरवर जास्त माणसं त्यांचीच असतील तर त्यांचं ऐकणारा माणूसही त्यांच्यातलाच हवा.

आता हिशेब. एका भागाला दोन वॉर्डन म्हणजे एकूण दोन नव्हेत. शिफ्ट तीन, प्रत्येकीत दोघं म्हणजे सहा, वर साप्ताहिक सुट्टी आणि रजा यांसाठी किमान एक बदली. यादीत सगळे जनरल शिफ्टचेच असले तर ती यादी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापुरती. 1 जानेवारी 2023 ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्यात आग लागली, तो रविवार होता. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, ती वेळ मध्यरात्रीनंतरची. व्यवस्थापनापुढे यादी ठेवताना मी या दोन तारखा सांगतो. तिसऱ्या शिफ्टला वॉर्डन कशाला, असं मग कोणी विचारत नाही.

पीपीटीच्या आधी चालायला न्या

नव्या वॉर्डनना ट्रेनिंग हॉलमध्ये बसवायच्या आधी त्यांच्या जागेवरून बाहेरपर्यंत चालत न्या. एकदा नेहमीच्या वाटेनं, एकदा दुसऱ्या. दुसरी वाट सापडेपर्यंत थांबायचं नाही. हातात खडू द्या आणि अडचण दिसेल तिथे फुली मारायला लावा.

काय काय सापडतं ते सांगतो. एक्झिटच्या दारापुढे रचलेली पॅलेट, 'आज गाडी येणार आहे, उचलतोच' असं उत्तर मिळतं ती. आत उघडणारं दार. विजेवर चालणारं रोलिंग शटर, जे वीज गेल्यावर साखळीनं ओढावं लागतं आणि ती साखळी वर कुठेतरी गुंडाळून ठेवलेली असते. बॅटरी मेलेला इमर्जन्सी दिवा. द्राक्षांच्या सीझनमध्ये पॅकहाउसवाल्यांकडे जाल तर खोकी आणि थर्माकोल जिन्यापर्यंत आलेलं दिसेल.

आमच्या मागच्या दाराला साखळी आणि कुलूप होतं. भंगार चोरीला जायचं म्हणून. चावी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये. मी वॉर्डनला म्हटलं, जा, घेऊन ये. तो गेला आणि चाळीसेक चाव्यांचा जुडगा घेऊन आला. एकीलाही चिठ्ठी नाही. आम्ही सहा जण त्या दारापाशी उभे आणि तो एकेक चावी घालून बघतोय. सतरावी की अठरावी लागली. कोणी काही बोललं नाही. त्या आठवड्यात साखळी निघाली आणि आतून ढकललं की उघडणारा पॅनिक बार बसला. हाच मुद्दा मी आधी तीन महिने मेलवर मांडत होतो.

हीच फेरी रात्रपाळीच्या वॉर्डनबरोबर रात्रीच करा. ऑफिसच्या भागात दिवे बंद करून, भिंतीला हात लावत दारापर्यंत जायला सांगा. धुरात दिवे असले तरी हीच गत होते.

वर्गातलं शिक्षण: तासाभराच्या वर नको

तासाभरात जेवढं बसतं तेवढंच सांगा. मी चार गोष्टी घेतो.

धूर. आगीत माणसं भाजून मरण्याआधी बहुतेकदा धुरानं मरतात. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धूर वर जातो म्हणून खाली वाकून चालायचं. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघायची. गरम लागलं तर ते दार सोडून द्यायचं. लिफ्ट नाही, कोणत्याही कारणानं नाही.

गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. कॅंटीनमध्ये वास आला तर स्विच चालूही करायचा नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच टाकायचं नाही. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं. हा भाग मी कॅंटीनच्या मावशींकडूनच सांगून घेतो, त्यांना माझ्यापेक्षा नीट सांगता येतो.

फोन. पुढे त्यावर सविस्तर येईल.

आणि हूटर. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. धूर दिसतो, माणूस सुपरवायझरला शोधतो, सुपरवायझर साहेबांना फोन लावतो, साहेब म्हणतात 'मी येऊन बघतो'. काच फोडायची लाल पेटी भिंतीवर असते आणि तिच्याकडे सगळे बघत उभे. म्हणून प्लांट हेडच्या सहीनं एक ओळीचं पत्र घ्या: धूर किंवा आग दिसल्यास कोणीही, कोणाला न विचारता हूटर वाजवावा, चुकून वाजवला तरी कारवाई होणार नाही. त्या पेटीशेजारीच ते चिकटवा, मराठीत आणि हिंदीत.

भाषेचं आलंच आहे तर हेही. आपल्याकडे लाइनवर सुरगाणा-पेठची पोरं असतात, तशी बिहार-यूपीचीही. वॉर्डनला एकच छोटं वाक्य दोन्ही भाषांत पाठ करून द्या: 'काम सोडा, बाहेर चला', 'काम छोडो, बाहर चलो'. लांब सूचना त्या गोंगाटात कोणी ऐकत नाही.

सिलिंडर हातात द्याच

एक्स्टिंग्विशरचं चित्र दाखवून भागत नाही. रिफिलिंगची तारीख जवळ आलेले सिलिंडर तसेही रिकामे करायचेच असतात. ते वॉर्डनच्या सरावासाठी बाजूला काढा. फायदा दुप्पट, खर्च शून्य. मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून, लोखंडी ट्रेमध्ये छोटी आग पेटवायची, आणि शेजारी भरलेला सिलिंडर घेऊन एक जाणकार उभा.

कृती चार टप्प्यांची: पिन ओढा, आगीच्या बुडाशी नेम धरा, दांडा दाबा, झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. नवखा माणूस हमखास ज्वाळांच्या शेंड्यावर मारतो. पावडर उडून जाते, आग तशीच. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण वीस सेकंदांत संपतो, हे त्याला स्वतःला कळू द्या. त्या वीस सेकंदांनंतर त्याच्या तोंडावर जो भाव येतो, तो दहा स्लाइडनी येत नाही.

कोणत्या आगीला कोणता, हे थोडक्यात. लाकूड, कागद, खोकी, कापड यांना पाणी किंवा एबीसी पावडर. पेंट शॉपमधलं थिनर, तेल यांना फोम किंवा पावडर. इलेक्ट्रिक पॅनलला सीओटू (कार्बन डायऑक्साइड), आणि शक्य असेल तर आधी वीज बंद. सीओटूचा भोंगा उघड्या हातानं धरायचा नाही, इतका थंड होतो की कातडी चिकटते. छोट्या बंद खोलीत तो मारून तिथेच थांबायचंही नाही, कारण तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो. पावडरच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. सीओटूला काटा नसतो, त्याचं वजनच करावं लागतं.

आणि नियम असा: एकट्यानं नाही, पाठ नेहमी बाहेर जायच्या दाराकडे, आणि एका सिलिंडरमध्ये विझली नाही तर दुसरा शोधायला जायचं नाही. बाहेर. मी स्वतः हे वाक्य वॉर्डनकडून तीनदा म्हणवून घेतो, थोडं बालवाडीसारखं वाटलं तरी.

भाग रिकामा करणं: इथे खरी परीक्षा

हूटर वाजला की वॉर्डननं जॅकेट चढवायचं, टॉर्च आणि शिट्टी घ्यायची, आणि एक्झिटपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जायचं. तिथून दाराकडे येत येत भाग झाडून काढायचा. उलट केलं, म्हणजे दारापाशी उभं राहून ओरडत राहिलं, तर लांबच्या कोपऱ्यातला माणूस राहतोच. टॉयलेटचं दार ठोठवायचं, आवाज द्यायचा, उघडून बघायचं. लॉकर रूम, स्टोअरचा पोटमाळा, सर्व्हर रूम, नमाजाची किंवा देवाची खोली, स्मोकिंगचा चोरटा कोपरा (तो कुठे आहे हे वॉर्डनला माहीत असतं, सेफ्टीवाल्याला नसतं). खोली बघून झाली की दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. बंद दार धूर अडवतं.

पहिल्या मोठ्या ड्रिलला, म्हणजे बाहेर पडायच्या सरावाला, आमची मोजणी एकानं कमी आली. पुन्हा मोजलं, एक कमीच. मग कोणाला तरी आठवलं: कॉम्प्रेसर रूम. आत आमचा ऑपरेटर कानात इअरप्लग घालून लॉगबुक भरत बसला होता, बाहेर सगळा प्लांट रिकामा. हूटर त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या खोलीत नंतर फिरता लाल दिवा बसवला, आणि शेजारच्या भागाच्या वॉर्डनच्या कागदावर ओळ वाढली: 'कॉम्प्रेसर रूम, आत जाऊन खांद्याला हात लावणे'. तुमच्याकडे अशी खोली कुठली ते शोधा. एक तरी असतेच.

ज्यांना जिना उतरायला वेळ लागतो, त्यांची जोडी आधीच ठरवा: गरोदर बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, कुबडी घेणारा माणूस. ज्यानं हात धरायचा त्यालाही आणि ज्याचा धरायचा त्यालाही, दोघांना विचारून. ऐन वेळी 'कोणीतरी मदत करा' म्हटलं की कोणीच करत नाही.

डबा, मोबाइल, गाडीची चावी घ्यायला मागे फिरणाऱ्याला अडवणं हे वॉर्डनचं सगळ्यात नावडतं काम. नवीन फोनचे हप्ते चालू असतात, माणूस ऐकत नाही. अशा वेळी वॉर्डननं अंगाशी भिडायचं नाही. नाव आणि जागा लक्षात ठेवून बाहेर सांगायचं.

असेंब्ली पॉइंटवर

असेंब्ली पॉइंट म्हणजे बाहेर सगळ्यांनी जमायची ठरलेली जागा. तिथे आलेल्या प्रत्येक वॉर्डननं मुख्य वॉर्डनला दोनपैकी एकच वाक्य सांगायचं: 'माझा भाग पूर्ण बघितला, रिकामा', किंवा 'अमुक जागा बघता आली नाही'. दुसरं वाक्य सांगायला लाज वाटू देऊ नका. धुरामुळे स्टोअरच्या मागे जाता आलं नाही, तर तसंच सांगायचं. 'बहुतेक कोणी नसेल' हे उत्तर मी कापून टाकतो. अग्निशमन दलाचा जवान आत जायचं की नाही हे त्या एका वाक्यावर ठरवतो.

मोजणीसाठी कागद हवा. बायोमेट्रिकचा कॉम्प्युटर आतच असतो, जळणाऱ्या इमारतीत. म्हणून प्रत्येक शिफ्ट सुरू झाल्यावर अर्ध्या तासात गेटवर हजेरीची प्रिंट ठेवायची, आणि तिच्यासोबत कंत्राटदारांच्या माणसांची यादी, व्हिजिटर रजिस्टर आणि माल उतरवायला आलेल्या ट्रकवाल्यांची नोंद. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला असतो, त्याला कोणी मोजत नाही.

असेंब्ली पॉइंट दोन ठेवा. बंब जिथून आत येणार त्या वाटेवर नको, ट्रान्सफॉर्मरजवळ नको, डिझेलच्या टाकीशेजारी तर नकोच. धूर एकीकडे वाहत असेल तर दुसरीकडे जाता आलं पाहिजे.

फोन 101 किंवा 112 वर, जखमी असतील तर 108 ला. बोलायचं काय, ते कागदावर लिहून गेटवर आणि रिसेप्शनवर चिकटवा: कंपनीचं नाव, प्लॉट नंबर, जवळची खूण, काय जळतंय, आत कोणी अडकलंय का. नुसता प्लॉट नंबर सांगून भागत नाही. 'गरवारे पॉइंटवरून आत', 'एक्सलो पॉइंटजवळ', 'पपया नर्सरीकडून डावीकडे' असं सांगितलं की समोरच्याला लगेच कळतं. आणि एक माणूस त्या कोपऱ्यावर उभा करायचा, हातवारे करायला. नाशिक महापालिकेच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय शिंगाडा तलावापाशी आहे, सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोडला केंद्रं आहेत. तुमचा कारखाना पालिका हद्दीबाहेर, गोंद्याला किंवा मुसळगावला असेल, तर तुमच्याकडे बंब नक्की कुठून येणार आणि किती वेळात, हे आजच तिथे जाऊन विचारून घ्या. सिंहस्थाच्या काळात त्र्यंबक रोडवर आणि पंचवटीत रस्ते बंद होतात, तेव्हा हा प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

ड्रिल

पहिलं ड्रिल सांगून घ्या, दुसरं वॉर्डनना सांगून, तिसरं कोणालाच न सांगता (प्लांट हेड, सिक्युरिटी आणि अग्निशमन दल सोडून). राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये उंच इमारतींसाठी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी ड्रिल सांगितलं आहे. शेडवजा कारखान्यालाही तेच वेळापत्रक लावायला काय हरकत आहे? 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 38 मध्येही सगळ्या कामगारांना सुटकेचे मार्ग माहीत असावेत आणि तसं शिक्षण दिलेलं असावं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते फक्त वॉर्डनपुरतं नव्हतं.

चहाच्या सुट्टीला लागून ड्रिल ठेवू नका, लोक तसेच बाहेर असतात आणि वेळ खोटी सुंदर येते. एखाद्या ड्रिलला मुख्य दारात खुर्ची आडवी टाकून तिच्यावर लाल कापड घाला: इथे आग आहे, दुसरी वाट शोधा. एखाद्या वेळी एका वॉर्डनला गुपचूप बाजूला घ्या आणि त्याची बदली उभी राहते का ते बघा. ड्रिल झाल्यावर दहा मिनिटं, उभ्या उभ्याच, काय चुकलं ते विचारा. आधी वॉर्डनना बोलू द्या, नंतर साहेबांना. उलट केलंत तर वॉर्डन गप्प बसतात.

14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाजावर स्फोट झाला, त्यात जीव गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या आठवड्यात अग्निशमन दलाकडे प्रात्यक्षिकासाठी गर्दी असते, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्या. गणवेशातला जवान सिलिंडर कसा धरायचा हे सांगतो तेव्हा पोरं जे लक्ष देतात, ते आपल्याला कधी देत नाहीत.

दिवाळीच्या आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वॉर्डनची एक फेरी वेगळी लावा. मशीनपूजेत पॅनलखाली समई, शेजारी कॉटन वेस्टचा ढीग, आणि पूजा करून सगळे जेवायला. कोणाच्या श्रद्धेला हात न लावता समई स्टीलच्या ताटात आणि ताट पॅनलपासून लांब, एवढं वॉर्डनकडून होतं.

कागदपत्रं

थोडक्यात. वॉर्डनची यादी, प्रशिक्षणाची तारीख, सह्या, ड्रिलची वेळ आणि काय चुकलं, एवढं एका फाइलमध्ये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खाली यंत्रणा सुस्थितीत असल्याचा बी नमुना परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. मी त्याच दोन महिन्यांत वॉर्डनची यादी तपासतो, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

पण यादी सहा महिन्यांतही शिळी होते. एचआरच्या नोकरी सोडण्याच्या फॉर्मवर आयडी कार्ड, लॉकरची चावी यांच्याखाली एक ओळ वाढवून घ्या: 'वॉर्डनचं जॅकेट जमा'. जॅकेट टेबलावर आलं की त्याच दिवशी त्या विभागात जायचं, नवा माणूस गाठायचा आणि खडू देऊन त्याला मागच्या दारापर्यंत चालवत न्यायचं.